स्टेफी ग्राफ: फोरहँडच्या आधीची पावलं

एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगी १२ वर्षांची, अंडर-१४ खेळते. आजोबांनी तिला स्टेफी ग्राफचे जुने सामने दाखवले आणि तेव्हापासून तिने दोन हातांचा बॅकहँड (डाव्या बाजूचा फटका) सोडून एका हाताने स्लाइस, म्हणजे बॉल खाली राहील असा कापून मारलेला फटका, मारायला सुरुवात केली आहे. डावीकडे आलेला बॉलसुद्धा वळसा घालून फोरहँडने, म्हणजे उजव्या बाजूनेच घेते. तिचे सर म्हणतात, हा जुना खेळ, आता चालत नाही. आईला विचारायचंय, की स्टेफीच्या कारकिर्दीतून मुलीने काय घ्यावं आणि काय सोडावं. शिवाय घरात एक वाद चालू आहे: स्टेफीची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेसवर चाकूहल्ला झाला नसता, तर स्टेफीची २२ ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) झाली असती का?

ताई, मी २७ वर्षं मुलींना टेनिस शिकवते. स्टेफी माझ्या पिढीची, माझ्याहून वर्षभराने मोठी. ती विम्बल्डन जिंकत होती तेव्हा मी राज्य स्पर्धांमध्ये खेळत होते, आणि तिच्याइतकं बारकाईने मी दुसऱ्या कुठल्याच खेळाडूला पाहिलेलं नाही. त्यामुळे उत्तर लांबणार. घाईत असाल तर एवढं वाचा: मुलीला स्टेफीचा फोरहँड उचलू देऊ नका, तिची पावलं उचलू द्या. दोन हातांचा बॅकहँड राहू द्या आणि स्लाइस त्याच्या जोडीला येऊ द्या. २२ बद्दलचं माझं मत पुढे सांगते. तुमच्या घरातल्या दोन्ही बाजूंना ते पुरतं पटेल असं नाही.

आधी तो फोरहँड. तो पुस्तकात बसणारा नव्हता. मी मुलींना सांगते, बॉल अंगाच्या पुढे घे, डाव्या पायाच्या बोटांच्या रेषेत, हात मोकळा ठेवून. स्टेफी तो बराच मागे येऊ द्यायची. रॅकेट उंच धरलेली असायची, आणि आता उशीर झाला असं बघणाऱ्याला वाटायचं तेवढ्यात ती चाबकासारखी फिरायची. बॉलला टॉपस्पिन (पुढे फिरणारी गिरकी) कमी, जवळजवळ सपाट, नेटच्या जराच वरून जाणारा. समोरच्या मुलीला दिशा शेवटपर्यंत कळायची नाही, कारण स्टेफीचे खांदे आणि रॅकेट आधी काही सांगतच नव्हते. बड कॉलिन्स या अमेरिकन पत्रकाराने तिला ‘फ्रॉइलाइन फोरहँड’ म्हणायला सुरुवात केली ती याच फटक्यामुळे.

पण उशिरा घेतलेल्या बॉलचा हिशेब बघा. बॉल पुढे घेतला तर अंतर चार बोटं चुकलं तरी हात लांबवून किंवा आखडून वेळ निभावता येते. बॉल अंगालगत येऊ दिला तर निभावून न्यायला जागाच उरत नाही. अंतर चुकलं की फटका गेला. म्हणजे बॉलपासूनचं अंतर दर वेळी नेमकं हवं, आणि ते काम पायांचं. स्टेफी बॉलपाशी आधी पोचायची. पोचल्यावर चिमणीपावलं टाकत जागा पक्की करायची. एवढं झाल्यावर तिच्यापाशी उशिरा मारण्याइतका वेळ शिल्लक असायचा. टीव्हीवर डोळा बॉलच्या मागे जातो, म्हणून आपल्याला फक्त चाबूक दिसतो.

१९८८ नंतर आमच्या लाल मातीच्या कोर्टावर प्रत्येकीने हा फोरहँड करून पाहिला. मीही केला. दोन महिन्यांत कोपर धरलं, दीड महिना रॅकेट उचलता आली नाही, आणि परत आले तेव्हा माझा स्वतःचा फोरहँडही हातातून गेला होता. तो परत यायला आख्खा सीझन लागला. आम्हाला शिकवणाऱ्यांना वाटायचं, मुलींच्या हातात जोर नाही. म्हणून ते डंबेल्स करायला लावत. पायांकडे कुणी पाहिलं नाही. पुढे मी शिकवायला लागल्यावर तेच जुने सामने पुन्हा लावून बसले आणि पहिल्यांदा बॉल सोडून तिच्या बुटांकडे बघत राहिले, तेव्हा मला हे उमगलं.

आता वळसा घालून फोरहँड मारण्याबद्दल. तुमची मुलगी जे करते ते स्टेफी शेकडो वेळा करायची, पण त्यात एक मोठी उधारी असते. डाव्या कोपऱ्यात जाऊन फोरहँड मारला की उजवीकडचं पाऊण कोर्ट रिकामं पडतं. समोरच्या मुलीने तिकडे सरळ बॉल टाकला, तर तिथवर पळत जाऊन तोही जिंकण्याची ताकद हवी. स्टेफीकडे ती होती, इतकी, की पळताना मारलेला उजवीकडचा फोरहँड हाच तिचा सगळ्यात घातक फटका मानला जायचा. समोरच्यांना रिकामी जागा दिसायची आणि तिथे मारायची भीती वाटायची. बारा वर्षांच्या मुलीने फक्त पहिला अर्धा भाग उचलला, तर अंडर-१४ मध्ये दोन-तीन महिने जिंकेल. मग कुणीतरी चलाख मुलगी सरळ रेषेत मारायला शिकेल आणि खेळ संपेल.

स्लाइसला लोक तिचा कच्चा दुवा समजतात. मला ते पटत नाही. तिला टॉपस्पिन बॅकहँड येत होता; समोरची नेटवर आली की ती तो काढायची. एरवी स्लाइस करायची, कारण तो बॉल टप्पा पडल्यावर उठतच नसे. गवतावर तर तो सरपटत जायचा. समोरच्या मुलीला गुडघ्यात वाकून बॉल वर उचलावा लागे, आणि वर उचललेला बॉल हळू येतो. तेवढ्या वेळात स्टेफी वळसा घालून फोरहँडला उभी. स्लाइसने मशागत करायची आणि फोरहँडने कापणी, असं ते गणित होतं. दोन्ही फटके सुटे काढून शिकता येत नाहीत.

मग तिचे सर बरोबर आहेत का? अर्धे. आजच्या मुली इतका टॉपस्पिन मारतात, की बॉल बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्याच्या वर येतो. तिथे एका हाताने मारणं त्या वयाच्या मनगटाला आणि खांद्याला जड जातं. म्हणून दोन हातांचा बॅकहँड मुख्य फटका म्हणून ठेवायलाच हवा. पण स्लाइस जुना झाला, हे खरं नाही. ॲश बार्टीने २०१९ ला फ्रेंच, २०२१ ला विम्बल्डन आणि २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, ती दोन हातांचा बॅकहँड आणि एका हाताचा स्लाइस दोन्ही वापरून. सगळ्या मुली एकाच उंचीच्या, एकाच वेगाच्या बॉलवर वाढलेल्या असल्या, की खाली राहणारा संथ बॉल त्यांना जास्तच सतावतो. सरांना बार्टीचं उदाहरण सांगा. माझ्या अनुभवात कोचपाशी जाऊन ‘तुम्ही चुकताय’ म्हणण्यापेक्षा ‘हेही शिकवाल का’ असं विचारलं की दार उघडतं.

पालक म्हणून तुमच्या जास्त कामाचा भाग आता येतो.

स्टेफीचा जन्म १४ जून १९६९ चा, जर्मनीतल्या मॅनहाइमचा. वाढली जवळच्या ब्र्यूल गावात. वडील पीटर ग्राफ गाड्या आणि विमा विकायचे आणि टेनिस शिकवायचे. तीन वर्षांच्या पोरीसाठी त्यांनी लाकडी रॅकेटचा दांडा कापून आखूड केला आणि दिवाणखान्यात खेळायला सुरुवात केली. बॉल सलग २५ वेळा परत आला तर आईस्क्रीम आणि गरम स्ट्रॉबेरी, असा करार. पुढे त्यांनीच सांगितलं, की पंचविसावा बॉल ते बहुतेक वेळा मुद्दाम जोरात किंवा अवघड मारायचे, कारण रोज रोज आईस्क्रीम देता येत नाही. बरेच पालक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला ती ऐकवत नाही. ठरलेलं बक्षीस लहान मुलाच्या हातातून शेवटच्या बॉलवर काढून घेणं हे मी माझ्या कोर्टावर कुणालाही करू देणार नाही.

पण याच माणसाने एक गोष्ट अशी केली, जी आज आपल्याकडचे पालक करत नाहीत. त्याने मुलीला कमी खेळवलं. स्टेफीने पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये, फिल्डरश्टाटला, वय १३. (आज नियमाने हे शक्य नाही, १९९५ पासून १४ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत उतरता येत नाही, आणि त्यानंतरही स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा आहे.) ट्रेसी ऑस्टिनने तिला ६-४, ६-० असं हरवलं आणि अशा शेकडो मुली अमेरिकेत आहेत, अशा अर्थाचं काही बोलली. बारा वर्षांनी, १९९४ ला इंडियन वेल्सला, पुनरागमन केलेल्या ऑस्टिनला स्टेफीने ६-०, ६-० हरवलं. ही गोष्ट सगळे सांगतात. मधल्या वर्षांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. १९८५ मध्ये अमेरिकन ओपनपर्यंत स्टेफी १० स्पर्धा खेळली होती. तिच्याहून वर्षाने लहान असलेली गॅब्रिएला साबातिनी २१ खेळली होती. बाकीचे आठवडे स्टेफी घरी सराव करत होती.

आणि पहिलं विजेतेपद कधी आलं? एप्रिल १९८६ मध्ये, हिल्टन हेडला, अंतिम फेरीत ख्रिस एव्हर्टला हरवून. म्हणजे व्यावसायिक झाल्यावर साडेतीन वर्षं तिच्या नावावर एकही स्पर्धा नव्हती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती १५ व्या वर्षी पहिली आली होती, पण टेनिस तेव्हा प्रदर्शनी खेळ होता. साडेतीन वर्षं. आमच्याकडे सहा महिने ट्रॉफी आली नाही, की अकॅडमी बदलतात. शनिवारी क्वालिफाइंग, सोमवारी मेन ड्रॉ, मग रात्रीच्या गाडीने पुढचं गाव, आज सोलापूर, पुढच्या आठवड्यात नागपूर. एआयटीएचे (अखिल भारतीय टेनिस संघटनेचे) पॉइंट्स वाढतात आणि फटका होता तिथेच राहतो, कारण फटका सुधारायला लागणारे सलग सहा-आठ आठवडे मुलीला कुणी देत नाही. तुमची मुलगी वर्षाला किती स्पर्धा खेळते ते मला माहीत नाही. बारापेक्षा जास्त असतील तर कमी करा.

१९८६ च्या अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी मार्टिना नवरातिलोवाशी दोन दिवस चालली. स्टेफीला तीन मॅच पॉइंट मिळाले आणि ती हरली: १-६, ७-६, ६-७. सतरा वर्षांच्या मुलीला हे मोडून टाकू शकलं असतं. पुढच्या जूनमध्ये पॅरिसला, फ्रेंच ओपनमध्ये, त्याच मार्टिनाला तिने ६-४, ४-६, ८-६ असं हरवून पहिलं ग्रँड स्लॅम घेतलं. १९८७ चा तिचा हिशेब ७५ विजय, २ पराभव. दोन्ही पराभव मार्टिनाकडून, एक विम्बल्डनच्या अंतिम फेरीत, दुसरा अमेरिकन ओपनच्या. ऑगस्टमध्ये ती नंबर वन झाली ती सलग १८६ आठवडे; एकूण आठवडे भरले ३७७.

१९८८ बद्दल सगळं लिहून झालेलं आहे, म्हणून फार लांबवत नाही. चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचं ऑलिंपिक सुवर्ण, एकाच वर्षात. एकेरीत असं वर्ष त्याआधी कुणाचं झालं नव्हतं, पुढेही कुणाचं झालं नाही. पॅरिसच्या अंतिम फेरीत १७ वर्षांच्या नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-०, प्रत्यक्ष खेळ ३२ मिनिटं. मला तो सामना बघवत नाही. त्या मुलीची कीव येते. मुलीला दाखवायचाच असेल तर त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना दाखवा. मार्टिना आधीची सलग सहा वर्षं तिथे जिंकत आली होती. डावखुरी असल्यामुळे तिची सर्व्हिस स्टेफीच्या बॅकहँडपासून बाहेर बाहेर पळायची आणि मार्टिना पाठोपाठ नेटवर. पहिला सेट ७-५ मार्टिनाचा, दुसऱ्यात २-०. तिथून पुढच्या १३ गेमपैकी १२ स्टेफीने घेतले: ५-७, ६-२, ६-१. त्या बारा गेममध्ये स्टेफीचे रिटर्न बघा. बॉल मार्टिनाच्या पायाशी पडतोय, तिला तो खालून उचलावा लागतोय, आणि उचललेल्या बॉलवर स्टेफी आधीच पोचलेली आहे. स्लाइस आणि पाय यांचं नातं याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

हरलेलेही दाखवा. १९८९ च्या फ्रेंच अंतिम फेरीत तिसऱ्या सेटमध्ये ५-३ असताना ती जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होती आणि अरांचा सांचेझने तो सामना ७-६, ३-६, ७-५ असा काढून घेतला. अरांचा सगळे बॉल परत पाठवायची, उंच, मध्ये, पुन्हा उंच. सपाट मारणाऱ्या मुलीला अशा बॉलवर जोर स्वतःचा आणावा लागतो आणि दमछाक झाली की चुका सुरू होतात. स्टेफीची सर्व्हिसही दबावात कधी कधी डगमगायची. टॉस फार उंच असायचा, वाऱ्यात तो हलायचा. तोही मुलीने उचलू नये, हे इथेच सांगून ठेवते.

आता सेलेस. सेलेस दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारायची आणि बॉल टप्पा पडून उठत असतानाच घ्यायची. त्यामुळे स्टेफीला पोचायला वेळच मिळायचा नाही. तिच्या सगळ्या खेळाचा जो पाया, त्यालाच सेलेसने हात घातला होता. मे १९९० ला बर्लिनमध्ये स्टेफीची ६६ विजयांची साखळी सेलेसने तोडली. त्या वर्षीच्या फ्रेंच ओपनपासून १९९३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत १२ ग्रँड स्लॅम झाली. त्यातली ८ सेलेसची, २ स्टेफीची, आणि ती दोन्ही विम्बल्डन. पॅरिसला १९९२ ची अंतिम फेरी ६-२, ३-६, १०-८ अशी सेलेसने घेतली; महिन्याभराने विम्बल्डनला स्टेफीने तिला ६-२, ६-१ केलं. फरक कोर्टाचा होता. मातीवर स्लाइस थोडा तरी उठतो, गवतावर उठत नाही, आणि दोन्ही बाजूंनी दोन हात धरणाऱ्या मुलीचा हात खालच्या बॉलपर्यंत कमी पोचतो.

३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये मॅग्डालेना मालेएवाविरुद्धच्या सामन्यात सेलेस बाजू बदलताना खुर्चीवर बसली होती. ग्युंटर पार्खे नावाच्या माणसाने मागून येऊन तिच्या पाठीत चाकू मारला. स्टेफी पुन्हा नंबर वन व्हावी म्हणून आपण हे केलं, असं त्याने सांगितलं. सेलेस १९ वर्षांची होती आणि तिच्याकडे ८ ग्रँड स्लॅम होती. ती दोन वर्षांहून जास्त काळ खेळली नाही. न्यायालयाने पार्खेला दिलेली शिक्षा स्थगित ठेवली, तो तुरुंगात गेला नाही. सेलेस पुन्हा कधी जर्मनीत खेळली नाही. पुढे तिने आणखी एकच ग्रँड स्लॅम जिंकलं, १९९६ चं ऑस्ट्रेलियन. ही गोष्ट मी मुलींना सांगते तेव्हा अजून आवाज नीट लागत नाही.

घरातल्या वादासाठी आकडे द्यायचे तर असे. त्या दिवसापर्यंत स्टेफीची ११ ग्रँड स्लॅम होती. सेलेस नसताना ६ झाली. सेलेस परतल्यावर ५, आणि त्यातल्या दोन अमेरिकन ओपनच्या अंतिम फेऱ्या खुद्द सेलेसविरुद्ध. दोघींच्या १५ सामन्यांत स्टेफी १०, सेलेस ५. हल्ल्याआधीचा हिशेब ६-४. पण १९९० पासून हल्ल्यापर्यंतचाच काळ घेतला तर सेलेस ४-३ ने पुढे होती. माझं मत सांगते: हल्ला झाला नसता तर २२ झाली नसती. पॅरिसचं आणि मेलबर्नचं (ऑस्ट्रेलियन ओपनचं) एखाद-दुसरं नक्की सेलेसकडे गेलं असतं. विम्बल्डनची सातही तशीच राहिली असती. पण ही जर-तरची बेरीज स्टेफीकडून वजा करून मिटत नाही. जे गेलं ते सेलेसचं गेलं, आणि ते तिच्याकडून घेणारा पार्खे होता. स्टेफीने रुग्णालयात जाऊन तिची भेट घेतली होती. त्यानंतरचा प्रत्येक विजय तिला या सावलीत मिळाला, हेही विसरू नये.

१९९५ ची अमेरिकन ओपन अंतिम फेरी म्हणूनच मी पुन्हा पुन्हा बघते. सेलेस नुकतीच परतलेली. स्टेफीची पाठ दुखावलेली, आणि ऑगस्टमध्ये वडिलांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात अटक झालेली. मुलीचं सगळं पैशाचं काम तेच बघत होते. पुढे १९९७ मध्ये त्यांना ३ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा झाली. अशा अवस्थेत पहिला सेट टायब्रेकवर स्टेफीचा, दुसरा ६-० सेलेसचा. सहा गेम सलग गमावल्यावर ती तिसऱ्या सेटला उभी राहिली आणि ६-३ ने जिंकली. वडिलांबद्दल पालकांना मी एवढंच म्हणते: त्यांनी आखलेलं वेळापत्रक घ्या. मुलीच्या आयुष्याची प्रत्येक किल्ली आपल्याच खिशात ठेवायचा त्यांचा हट्ट घेऊ नका.

पावलांची किंमतही सांगायला हवी, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. इतकं पळणारं शरीर झिजतं. १९९५ आणि १९९६ ची ऑस्ट्रेलियन ओपन ती दुखापतींमुळे खेळलीच नाही. त्या दोन वर्षांत खेळलेली सहाच्या सहा ग्रँड स्लॅम मात्र जिंकली. यात १९९६ च्या पॅरिसचा सांचेझविरुद्धचा ६-३, ६-७, १०-८ असा तीन तासांहून लांबलेला सामना आहे. जून १९९७ मध्ये व्हिएन्नात गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि जवळजवळ वर्ष गेलं. तुमच्या मुलीसाठी याचा अर्थ असा: आपल्याकडची बहुतेक हार्ड कोर्ट म्हणजे सिमेंटवर रंगाचा थर. त्यावर रोज तीन तास पळवू नका. आठवड्यातले दोन दिवस तरी मातीचं कोर्ट मिळतंय का बघा. बुटाचा तळ एका बाजूने झिजला की बूट बदला, पुढच्या वाढदिवसापर्यंत थांबू नका. गुडघ्याच्या खाली दुखतंय म्हणाली तर त्या दिवशी सराव बंद. बारा ते चौदा हे हाडं झपाट्याने वाढायचं वय असतं.

आणि मग १९९९. पॅरिसला स्टेफी सहाव्या क्रमांकाची, तिसावं वर्ष भरायला नऊ दिवस बाकी. तिने उपांत्यपूर्व फेरीत दुसऱ्या क्रमांकाच्या लिंडसे डेव्हनपोर्टला, उपांत्य फेरीत तिसऱ्या क्रमांकाच्या सेलेसला आणि अंतिम फेरीत पहिल्या क्रमांकाच्या १८ वर्षांच्या मार्टिना हिंगिसला हरवलं. हिंगिस एक सेट आणि २-० ने पुढे होती. तिथे एका बॉलच्या खुणेवरून वाद घालत ती नेट ओलांडून पलीकडे गेली, तिला पॉइंटचा दंड झाला आणि प्रेक्षक बिथरले. तरी दुसऱ्या सेटमध्ये तिला जिंकायला तीनच पॉइंट हवे होते. ४-६, ७-५, ६-२. लोक अजून हिंगिसच्या वागण्याबद्दलच बोलतात. मी तिसरा सेट बघते. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर, अकरा वर्षांनी धाकट्या मुलीपेक्षा, स्टेफी प्रत्येक बॉलला आधी पोचलेली आहे. पुढच्या महिन्यात विम्बल्डनची अंतिम फेरी ती डेव्हनपोर्टशी हरली आणि १३ ऑगस्टला निवृत्त झाली. तेव्हा ती तिसऱ्या क्रमांकावर होती. १०७ विजेतेपदं, सामन्यांत ९०० विजय, ११५ पराभव. चारही ग्रँड स्लॅम किमान चार-चार वेळा एकेरीत जिंकलेली ती एकटीच.

आता मुलीसाठी घरी करण्याचं काम. रोज दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या, दोन्ही पायांवर आणि मग आलटून पालटून. समोरची मुलगी बॉल मारत असते त्याच क्षणी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायचं, ही स्प्लिट स्टेप. भिंतीवर खेळतानाही सोडायची नाही. वळसा घालून फोरहँड मारायची तिची हौस मोडू नका, फक्त सरांना सांगून एक अट घाला: डाव्या कोपऱ्यातून फोरहँड मारला की लगेच दुसरा बॉल उजव्या कोपऱ्यात टाकायचा, आणि तो परत आला तरच पॉइंट तिचा. सहा-सहा बॉलचे चार संच, मध्ये एक मिनिट विश्रांती. पंधरा दिवसांत तिचं तिलाच कळेल, कुठला बॉल वळसा घालून घ्यावा आणि कुठला दोन हातांनी जागेवरूनच मारावा.

सामने बघायचेच आहेत तर १९८८ चं विम्बल्डन आणि १९९९ चं पॅरिस, एवढे दोन पुरेत. आजोबांना सोबत बसवा, मजा येईल. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि मुलीला बॉल बघू देऊ नका, एका फटक्यापासून पुढच्या फटक्यापर्यंत स्टेफी किती पावलं टाकते ते मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी तिचा सराव मोबाइलवर शूट करा आणि तिची स्वतःची पावलं तशीच मोजायला लावा. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलींचा आकडा बहुतेक वेळा चार किंवा पाच निघतो. स्टेफीचा किती निघतो, ते तिलाच मोजू दे.